पोर चौथीत, बिऱ्हाड इंदुरात: नवोदयच्या फॉर्माची वाट

दर पावसाळ्यात इंदूरजवळच्या राऊतल्या आमच्या सोसायटीत एखादं तरी नवं मराठी बिऱ्हाड उतरतं. नवरा पिथमपूरच्या कारखान्यात, बायको अजून भांड्यांची खोकी सोडतेय, आणि महिना उलटायच्या आत दारात प्रश्न हजर: "ताई, आमची मुलगी फार चुणचुणीत आहे हो. इथे प्रबोधिनीसारखं काही आहे का?"

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ सालापासून आहे, तिथे चाचण्या घेऊन पाचवीला मुलं निवडतात, आणि पुण्याकडून आलेल्या आईबापांच्या डोक्यात 'हुशार मुलांची शाळा' म्हटलं की तेच चित्र असतं. त्या चालीची शाळा इंदुरात मला तरी सापडली नाही. देखण्या इमारतींच्या खासगी शाळा पुष्कळ, 'टॅलेंट बॅच' म्हणवणारे क्लास त्याहून पुष्कळ. पण सहावीपासून, सरकारी खर्चाने, परीक्षा घेऊन मुलं निवडणारी आणि तिथेच ठेवून घेणारी शाळा जिल्ह्यात म्हणाल तर मानपूरची. जवाहर नवोदय विद्यालय. एबी रोडने महू ओलांडून पुढे गेलं की घाटाच्या अलीकडे मानपूर लागतं.

गंमत अशी की १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोनच नवोदय विद्यालयं निघाली, एक हरयाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. तरी शहरातून आलेल्या मराठी घरांना नवोदय म्हणजे काय हे धड ठाऊक नसतं. आम्हालाही नव्हतं. नाशिकहून आलो तेव्हा थोरली दुसरीत होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी, ज्यांच्या तीन पिढ्या इंदुरात गेल्या, त्यांनी विचारलं, "वहिनी, पुढे नवोदयचा फॉर्म भरून राहिल्या की नाही?" तेव्हापासून थोरलीचा फॉर्म झाला, धाकट्याचा झाला, आणि मधल्या काळात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे इतके फॉर्म पाहिले की आता लोक माझ्याकडेच येतात. त्या सगळ्यावरून एक गोष्ट पक्की सांगते. परीक्षा दोन तासांची आहे, कागद वर्षभराचे आहेत. बाहेरून आलेलं घर अडकतं ते बहुतेक वेळा कागदात.

आधी जागांचा हिशोब

क्लास लावायच्या आधी हे समजून घ्या, कारण क्लासवाले हे सांगत नाहीत.

एका नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, म्हणजे ६०. शहरी मुलांना उरतात फार तर २०. एकूण जागांत किमान एक तृतीयांश मुली. शिवाय अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि दिव्यांग यांचं आरक्षण आहेच. शाळा मुळात काढली ती खेड्यातल्या हुशार मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून, १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच ते लिहिलेलं आहे. तेव्हा शहरी, खुल्या गटातला मुलगा असेल तर दार अगदी चिंचोळं आहे. फॉर्म भरा, जरूर भरा, पैसे लागत नाहीत. पण सगळं घर त्या एका परीक्षेला टांगू नका.

आता ग्रामीण कोण आणि शहरी कोण? इथे लोक हमखास चुकतात. घर कुठे आहे यावर हे ठरत नाही, शाळा कुठे आहे यावर ठरतं. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झाली असतील तरच मूल ग्रामीण. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत गेला असेल तर शहरी. म्हणजे मूल तिसरीला पुण्यात होतं आणि चौथीपासून सांवेरजवळच्या खेड्यातल्या शाळेत घातलं, तरी ते शहरीच. पाचवीपुरतं नाव खेड्यातल्या शाळेत लावून मूल घरीच बसवायची युक्ती कोणी सुचवली तर त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा. प्रवेशाच्या वेळी तिन्ही वर्षांचा तपशील मागतात, आणि खोटं निघालं की निवड रद्द.

जिल्हा एकच हवा

हा नियम पिथमपूरच्या लोकांनी दोनदा वाचावा.

मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतंय त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो, आणि आईबापांचं राहणंही त्याच जिल्ह्यातलं लागतं. पिथमपूर आहे धार जिल्ह्यात. राऊ, महू, इंदूर हे इंदूर जिल्ह्यात. कारखाना कुठे आहे याने फरक पडत नाही. पण कंपनीच्या सोयीसाठी घर घेतलं पिथमपुरात आणि मुलाला शाळेची बस लावली राऊची, की घर एका जिल्ह्यात, शाळा दुसऱ्या. आमच्या ओळखीच्या एका घरी हे फॉर्म भरताना लक्षात आलं. तोवर पाचवीचं सत्र सुरू झालं होतं आणि आता काहीच हलवण्यासारखं नव्हतं. म्हणून घर शोधतानाच, मूल तिसरी-चौथीत असेल तर, नकाशावर जिल्ह्याची रेघ बघा. भाडं हजार रुपयांनी कमी आहे एवढ्यावर ठरवू नका.

पाचवीचं पूर्ण सत्र त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत व्हायला हवं. त्यामुळे बदलीची शक्यता असेल तर ती पाचवी सुरू होण्याआधी उरकलेली बरी. साहेबाला हे कारण सांगायला लाजू नका. आमच्या ह्यांनी सांगितलं होतं, साहेबाचा भाचाच नवोदयचा निघाला.

कागद: इथले शब्द वेगळे आहेत

महाराष्ट्रात आपण 'शाळा सोडल्याचा दाखला' किंवा एलसी म्हणतो, इथे तो टीसी. गुणपत्रक म्हणजे अंकसूची. इयत्ता म्हणजे कक्षा. मुख्याध्यापकाला प्रधान पाठक किंवा प्राचार्य म्हणतात. आणि जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी असतो 'जिला शिक्षा अधिकारी'. ती पाटी पहिल्यांदा वाचून थोरलीने माझा हात घट्ट धरला होता. "आई, शिक्षा करायला वेगळा अधिकारी?"

जुनी शाळा सोडतानाच टीसीवर मुलाचं नाव, आईबापाचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून घ्या. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर नाव आडनावापासून सुरू होतं आणि मध्ये वडिलांचं नाव येतं, इथे पहिलं नाव आणि आडनाव एवढंच लिहितात. शाळेतला बाबू टायपिंग करताना वडिलांचं नाव गाळतो आणि मग प्रत्येक कागदावर मूल वेगळंच दिसतं. एकदा ठरवा कसं लिहायचं, आणि सगळीकडे तसंच ठेवा. जुन्या शाळेला सांगून यूडाईस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरून मुलाची नोंद मोकळी करून घ्या, नाहीतर नव्या शाळेला मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, ज्याला इथे सगळे 'पेन नंबर' म्हणतात, तो ओढून घेता येत नाही. फोनवर दहा वेळा हो-हो म्हणून काम न करणारी शाळा असते. तिथे एखादा नातेवाईक समक्ष पाठवा.

दुसरी गोष्ट समग्र आयडी. महाराष्ट्रातून आलेल्याला हे नावच नवं असतं. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक माणसाला नऊ आकडी समग्र क्रमांक असतो. शाळा प्रवेश, शिष्यवृत्ती, सरकारी दाखले, जिथे जाल तिथे पहिला प्रश्न तोच. शहरात नगर निगमच्या झोन ऑफिसातून होतो, राऊसारख्या ठिकाणी नगर परिषदेतून. आल्या आल्या पहिल्या महिन्यात करून टाका. गॅसची शेगडी जोडली की पुढचं काम हे.

आधारवरचा पत्ताही लगेच बदला. भाडेकरार, विजेचं बिल जे असेल ते लावा, पण बदला. नवोदयच्या फॉर्मात राहण्याचा पुरावा लागतो आणि निवड झाली तर प्रवेशाच्या वेळी पुन्हा लागतो.

जातीच्या दाखल्याबद्दल थोडं सावध राहा. नवोदय केंद्राची संस्था आहे, त्यामुळे ओबीसीसाठी केंद्राची यादी धरतात, आणि ती यादी राज्यवार आहे. महाराष्ट्राचा दाखला खिशात आहे म्हणजे झालं, असं समजू नका. फॉर्ममध्ये गट भरायच्या आधी हा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे का आणि इथल्या प्रवेशाला चालतो का, हे मानपूरच्या शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारा. लोक संकोचतात, पण तिथली माणसं उत्तर देतात.

फॉर्म भरताना

जाहिरात साधारण उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला निघते. फॉर्म फक्त ऑनलाइन, फी नाही. सोबत मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही, आणि एक प्रमाणपत्र, ज्यावर पाचवीच्या शाळेचे मुख्याध्यापक मुलाचा तपशील तपासून सही-शिक्का देतात. सगळं जेपीजी करून, १० ते १०० केबीच्या आत. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो बारीक करण्यात अर्धा तास जातो, तेवढा धरून चला.

सगळ्यात वेळ खाणारा तुकडा तो मुख्याध्यापकांचा शिक्का. फॉर्म निघतो तेव्हा शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, मुख्याध्यापक मीटिंगांत, बाबू प्रवेशात. पहिल्या आठवड्यातच कागद नेऊन द्या. शिक्का फोटोच्या कोपऱ्यावर नीट उमटलाय ना, शाळेचा डाइस कोड, म्हणजे यूडाईसवरचा क्रमांक, बरोबर लिहिलाय ना, तिसरी-चौथीच्या शाळांची नावं आणि तारखा जुळतात ना, हे तिथेच उभं राहून वाचा.

वय पाहा. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या दरम्यानचा हवा होता. दर वर्षी ही चौकट एकेक वर्षाने पुढे सरकते. आणि एक मूल ही परीक्षा एकदाच देऊ शकतं. पाचवी परत करून दुसऱ्यांदा बसता येत नाही. 'या वर्षी सहज बसवून पाहू' हा विचार त्यामुळे चालत नाही.

आता आमची फजिती. माझा संगणकाशी तेव्हा फारसा संबंध नव्हता, म्हणून चौकातल्या एका कियोस्कवर गेलो. मुलगा भरभर टाइप करत होता, पुढे रांग, कूलर बंद. क्षेत्र विचारलं तिथे त्याने स्वतःच 'ग्रामीण' लावून टाकलं. राऊ म्हणजे गावच ना, भाभी! राऊला नगर परिषद आहे, थोरलीची शाळा त्याच हद्दीत, म्हणजे ती शहरी. प्रिंट घरी आणून फडताळात ठेवली. दीड महिन्याने आजींचा नातू सहज बघायला आला आणि त्याला ते दिसलं. नशीब, शेवटची तारीख गेल्यावर दोन दिवस दुरुस्तीसाठी देतात, त्यात क्षेत्र, गट, लिंग, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलता येतं. आम्ही त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बदललं. कियोस्कवर गेलात तर 'सबमिट' दाबायच्या आधी त्याला थांबवा, खुर्ची मागून घ्या आणि एकेक ओळ मोठ्याने वाचा. मागचे ओरडतील. ओरडू द्या.

माध्यम कोणतं निवडायचं

यावर घराघरांत भांडणं होतात. आजोबांना वाटतं मातृभाषा, बापाला वाटतं इंग्रजी, मूल बिचारं इथल्या शाळेत हिंदीतून शिकत असतं. माझं मत: मूल ज्या भाषेतून पाचवीचं गणित शिकतंय तीच भाषा घ्या. कारण निवडलेल्या माध्यमातच गणितही येतं, आणि भाषेचे उतारेही.

हिंदी घेतलीत तर मराठी मुलाला दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली गणितात. आपला लसावि-मसावि इथे लघुत्तम समापवर्त्य आणि महत्तम समापवर्तक होतो. अपूर्णांक म्हणजे 'भिन्न', दशांश म्हणजे 'दशमलव', अवयव म्हणजे 'गुणनखंड', मूळ संख्या म्हणजे 'अभाज्य संख्या', बाकी म्हणजे 'शेषफल', परिमिती म्हणजे 'परिमाप'. आणि चौरस म्हणजे 'वर्ग'! 'एक वर्ग का परिमाप ३६ सेमी है' हे वाक्य धाकट्याने पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो म्हणाला, "आई, वर्गाचा फळा मोजायचा का?" गणित येत होतं, शब्द येत नव्हता. आकड्यांच्या नावांचंही तसंच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हणणाऱ्या पोराला उनसठ, उनहत्तर, उन्यासी यांत गोंधळ होतो. स्वयंपाकघराच्या दारावर दोन रकान्यांचा कागद चिकटवा, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे हिंदी. आमच्याकडे तो दोन वर्षं होता, तेलाच्या डागांनी पारदर्शक होईस्तोवर.

दुसरी ठेच उताऱ्यात. ओळखीचा वाटणारा शब्द जास्त फसवतो. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'संसार' म्हणजे जग, 'अवकाश' म्हणजे सुट्टी, 'खाली' म्हणजे रिकामा. 'घड़ा खाली था' याचा अर्थ घडा खाली ठेवला होता असा लावून मूल उत्तर ठरवतं आणि चुकतं. इंदुरात चार वर्षं राहिलेल्या मुलाला हे आपोआप कळतं, वर्षभरापूर्वी आलेल्याला नाही. रोज एक छोटा हिंदी उतारा मोठ्याने वाचून घ्या, एवढंच पुरतं.

पेपर कसा असतो

८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, गणिताचे २० प्रश्न २५ गुणांना, भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. म्हणजे प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पण तिन्ही भागांत मूल पात्र ठरावं लागतं, एकात भरघोस आणि दुसऱ्यात भोपळा असं चालत नाही.

निम्मा पेपर आकृत्यांचा आहे. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती ओळखा, तशीच शोधा, नक्षी पुरी करा, मालिका पुढे न्या, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती, असे. आमच्या पिढीने चौथी आणि सातवीची स्कॉलरशिप दिली असेल तर हे ओळखीचं वाटेल. याला जाडजूड गाइड लागत नाही. जुने पेपर आणि घरातल्या वस्तू पुरतात. रद्दीचा चौकोनी कागद घ्या, दोनदा घडी घाला, पंचिंग मशीनने एक भोक पाडा. उघडायच्या आधी मुलाला वहीत काढायला सांगा भोकं कुठे येतील, मग उघडा. पहिल्या दिवशी धाकट्याची चारांतली दोन चुकली, पंधराव्या दिवशी तो मलाच फसवायला लागला. आरशाच्या प्रश्नांसाठी माझ्या कुंकवाच्या डबीचा छोटा आरसा आकृतीच्या बाजूला उभा धरायचा. या दोन खेळांनी जितकं झालं तितकं तीन महिन्यांच्या क्लासने झालं नसतं, आणि क्लासची फी तुम्हाला माहीतच आहे.

गणित पाचवीपर्यंतचंच असतं, फक्त नीट वाचून करायचं: अपूर्णांक, दशांश, मापं, टक्केवारी, नफा-तोटा, क्षेत्रफळ. भाषेत चार उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न. यावर जास्त काही सांगण्यासारखं नाही.

पेन मात्र महत्त्वाचं. उत्तरपत्रिकेवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच गोल भरायचा असतो, पेन्सिल चालत नाही, भरलेला गोल बदलता येत नाही. पाचवीतली बरीच मुलं पेन्सिलनेच लिहीत असतात. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा पेन हातात आलं की गोल भरता भरता वेळ संपतो. दिवाळीनंतर घरी बॉलपेनच द्या, आणि छापील उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर महिनाभर गोल भरायला लावा. ८० गोल भरायला मुलाला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा.

परीक्षा आणि निकाल

तारीख हिवाळ्यात असते: २०२५ च्या प्रवेशाची १८ जानेवारीला झाली, पुढच्या वर्षीची १३ डिसेंबर २०२५ ला. वेळ सकाळी साडेअकरा ते दीड. प्रवेशपत्र साइटवरून काढायचं, घरी पोस्टाने येत नाही. सकाळी पोहे खाऊ घाला, जलेबी नको. गोडाने दीड वाजेपर्यंत पोर पेंगतं, हा स्वानुभव.

निकालात फक्त निवड झाली की नाही एवढंच. पुनर्तपासणी नाही. पहिल्या यादीत नाव नसेल तर प्रतीक्षा यादी असते, आणि तिच्यावरून जागा भरत जातात, कारण निवडलेल्यांतली काही मुलं कागदांत अडकतात, काहींना घर सोडवत नाही. थोरली अशीच प्रतीक्षा यादीतून गेली. म्हणून यादी निघाल्यावर फोन बदलू नका, गावाला गेलात तरी नंबर चालू ठेवा. धाकट्याचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. तो दोन दिवस पतंग उडवायलाही गेला नाही, तिसऱ्या दिवशी गेला.

घर सोडण्याचा प्रश्न

हे आईने आणि बापाने फॉर्म भरायच्या आधी बोलावं, निवड झाल्यावर नाही. नवोदय निवासी आहे, सहावी ते बारावी, सीबीएसई, मुलंमुली एकत्र. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सरकारची. नववीपासून दरमहा ६०० रुपये विद्यालय विकास निधी, तो मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी दर वेगळा, तो प्रवेशाच्या वेळी विचारा.

मुलं अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा हाउसमध्ये राहतात. मोबाइल नाही. भेटीचा रविवार ठरलेला. आणि एक गोष्ट जी फारच थोड्यांना माहीत असते: नववीला साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात, तिकडची इकडे येतात. मला ती कल्पना आवडते. माझ्या सासूबाईंना ऐकूनच धडकी भरली होती. तुमच्या घरात कोण कसं घेईल हे तुम्हीच जाणता. जे मूल मामाकडे चार रात्री राहू शकत नाही त्याला आधी मामाकडे राहायची सवय लावा.

नवोदय झालं नाही तर

सहावीला सैनिक शाळेचीही परीक्षा असते. मध्य प्रदेशची जुनी सैनिक शाळा रीव्याची, १९६२ ची. पेपर १२५ प्रश्नांचा, ३०० गुणांचा, त्यात निम्मे गुण एकट्या गणिताला. मुलींनाही आता प्रवेश आहे. पण फी आहे, वैद्यकीय तपासणी कडक आहे, आणि रीवा म्हणजे इंदूरहून रात्रभराची गाडी.

नंतर आठवीत दोन दारं उघडतात. एक जिल्ह्याच्या शासकीय उत्कृष्ट विद्यालयाची नववीची प्रवेश परीक्षा. इंदुरात ते बाल विनय मंदिर. राहणं घरीच, त्यामुळे आमचा धाकटा आता त्याच्या तयारीत आहे. दुसरी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला इथेही सगळे एनएमएमएस म्हणतात. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. खासगी शाळेतल्या मुलांना ती नाही. एनटीएसईबद्दल, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षेबद्दल, अजून लोक विचारतात. ती २०२१ नंतर थांबवलेली आहे, तिच्या नावावर कोणी क्लास विकत असेल तर सावध.

नवोदयमध्येही नववीला आणि अकरावीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा प्रवेश निघतो. जागा मोजक्या असतात, पण ही परीक्षा वेगळी, सहावीच्या 'एकदाच' या नियमात ती मोडत नाही.

निवड झाली तर पेटी

शाळेकडून सामानाची यादी मिळते, ती आहे तशी पाळा. पत्र्याची पेटी राजवाड्याजवळच्या बाजारात घ्या, कडी तिथेच उघडझाप करून बघा. प्रत्येक कपड्यावर, मोज्यांवरसुद्धा, नाव दोऱ्याने शिवा. मार्करने लिहिलेलं तिसऱ्या धुण्यात जातं. खाऊ चार दिवस टिकेल इतकाच, शंकरपाळे किंवा चिवडा, कारण हाउसमध्ये पोचताच तो सगळ्यांचा होतो. कुलूप घ्याल त्याला दोन किल्ल्या असतात. एक पोराच्या गळ्यात दोऱ्याला बांधा, दुसरी हाउसमास्टरांच्या हाती द्या आणि ती त्यांनी कुठे ठेवली ते डोळ्यांनी बघा. मी दुसरी किल्ली सवयीने पर्समध्ये टाकली. चौथ्या दिवशी शाळेतून फोन: पहिली किल्ली न्हाणीघराच्या जाळीतून खाली गेली, पेटी बंद, पोरीचा गणवेश आत. भर पावसात बस पकडून मानपूरला गेले. किल्ली दिली, पाच मिनिटं भेटू दिलं. तेवढ्या वेळात तिने विचारलं, चिवडा आणलास का.